आमचे मालक आणि परक्या डोंगरातली मेंढरं

धुकं आलं तेव्हा आमचे मालक माझ्याजवळ नव्हते. एका लंगड्या मेंढीच्या मागे गेले होते.

मेंढी आमची नव्हती. डोंगरही आमचा नव्हता. देशसुद्धा आमचा नव्हता, आणि तो कोणता देश हे मला त्या वेळी कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. आमची मुलगी वैशाली राहते जर्मनीत. सकाळी तिच्या गाडीत बसलो, मला जरा डुलकी लागली, जागी झाले तर ती म्हणाली, "आई, हे ऑस्ट्रिया." डुलकीत देश बदलला. मी कशावर विश्वास ठेवायचा?

तर त्या ऑस्ट्रियातल्या डोंगरावर मी एका दगडावर बसले होते. पुढं पांढरं, मागं पांढरं. हात लांब केला तर बोटं दिसेनात. मालक जाताना एवढंच म्हणाले होते, "हितंच बस. हलू नगंस. आलोच."

त्यांचं हे "आलोच" मी एकावन्न वर्षं ऐकत आले आहे. लग्नानंतर चौथ्या दिवशी "आलोच" म्हणून मेंढरं घेऊन गेले, ते अडीच महिन्यांनी आले.

आमचे मालक जन्माने धनगर आणि स्वभावानेही. गाव म्हसवडच्या पलीकडं. तिथं पाऊस कमी, गवत त्याहून कमी. म्हणून दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. वैशाली कराडच्या इंजिनिअरिंग कॉलेजात लागली तेव्हा त्यांनी मेंढरं विकली आणि आम्ही कराडात दोन खोल्या घेतल्या. मेंढरं गेली, पण हे मालकांच्या पायांना अजून कुणी सांगितलेलं नाही. रोज सकाळी काठी घेऊन संगमाकडं जातात आणि लोकांच्या शेळ्या वळून येतात. लोक काही बोलत नाहीत. शेळ्याही बोलत नाहीत.

वैशालीने आम्हाला तीनदा परदेशी नेलं. पहिल्या खेपेला मोठं चर्च दाखवलं. सगळे मान वर करून छताची चित्रं बघत होते. मालक बाहेर येऊन हिरवळीवर उकिडवे बसले, मूठभर गवत उपटलं, वास घेतला आणि चावून बघितलं.

"आवं, काय करतासा? लोकं बघत्यात."

"बगू देत. चारा हाय, तोंड न्हाई. ह्यांचं काय चाललंय काय?"

हे त्यांचं पालुपदच झालं. राजाचा वाडा बघा, बाग बघा, तळं बघा. मालक सगळीकडं गवतच बघत होते आणि म्हणत होते, "चारा हाय, तोंड न्हाई." एका माळ्याला गवत कापायचं यंत्र चालवताना बघितलं आणि त्यांना दोन दिवस जेवण गेलं नाही. कापलेलं गवत तो पोत्यात भरून फेकायला नेत होता.

दुसऱ्या खेपेला चित्रांच्या संग्रहालयात गेलो. तिथं एका भिंतीएवढ्या चित्रात मेंढरं होती. मालक त्याच्यापुढं अर्धा तास हलेनात. शेवटी तिथल्या पहारेकऱ्याला बोलावलं आणि चित्राकडं बोट करून मराठीत सांगितलं, "कुत्रं चुकीच्या बाजूला हाय. कळप चाललाय उताराला आन् कुत्रं वरल्या अंगाला? समदी पळून जातील की खाली!" त्याला कळलं नाही असं वाटून तेच हिंदीत सांगितलं. मग स्वतः कुत्रं होऊन दाखवलं. पहारेकऱ्याने त्यांच्याशी हात मिळवला. बाहेर आल्यावर मालक मला म्हणाले, "त्येलाबी पटलं. आता करतील दुरुस्त."

तिसऱ्या खेपेला डोंगर. तिकडं सुट्टीच्या दिवशी माणसं डोंगर चढतात. आमचे जावई प्रशांत, सांगलीचे, त्यांनाही ते वेड लागलं आहे. मी त्यांना विचारलं, "वर देव आहे का?"

"नाही, मामी."

"सरपण मिळतं?"

"नाही."

"मग कशाला चढायचं?"

"वरून लांबचं छान दिसतं."

"आणि मग?"

"मग खाली यायचं."

मला अजून हे कळलेलं नाही. आम्ही जन्मभर डोंगर चढलो ते पोटासाठी. त्याला कुणी छान म्हटलं नाही.

जावयांनी आम्हा दोघांना डोंगराचे बूट आणले, दोन-दोन काठ्या आणल्या. मी बूट घातले. मालकांनी बूट परत केले. "पावणं, बुटात पाय बहिरा हुतोय. खालचं काय कळत न्हाई." ते आपल्या पायताणांवरच निघाले. काठ्या मात्र ठेवून घेतल्या. त्यांना त्या आखूड वाटल्या, म्हणून दोन्ही एकाला एक बांधून एक लांब काठी केली, आणि थांबायची वेळ आली की त्या काठीवर हनुवटी टेकून, एक पाय दुसऱ्या गुडघ्याला लावून, खांद्यावर घोंगडं टाकून उभे राहायचे. येणारे-जाणारे गोरे लोक त्यांचे फोटो काढायचे. मी जरा लांब उभी राहायचे.

त्या दिवशी तारेवरच्या पाळण्यात बसून वर गेलो. वर हॉटेल होतं. वैशालीचा पाय दुखत होता म्हणून ती आणि जावई तिथं बसले, आणि आम्हाला म्हणाले, ही एक तासाची गोल वाट आहे, दगडांवर लाल-पांढरे पट्टे आहेत, त्यांच्या मागे मागे जा, परत इथंच याल. आदल्या दोन दिवशी अशा वाटा आम्ही दोघांनीच केल्या होत्या. मालकांचा पट्ट्यांवर विश्वास नव्हता. "दगडाला रंग कुणीबी लावतंय," म्हणाले. पण चालले.

अर्ध्या वाटेवर मेंढरं दिसली. चाळीसेक असतील, गळ्यात घंट्या. मालक उभे राहिले. चारी बाजूंना बघितलं.

"राखणदार कुटं हाय?"

"असंल कुठंतरी. चला."

"न्हाई. माणूस न्हाई, कुत्रं न्हाई. चुकलेली हायती ही. आन् ती मागली लंगडतीया बग."

"तुमची हाय का ती?"

यावर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच त्या मेंढीचा पाय मोडला होता. मग मला दगडावर बसवलं आणि गेले.

त्यानंतर धुकं.

फोन मालकांच्या खिशात होता, आणि बॅटरी संपू नये म्हणून त्यांनी तो बंद करून ठेवला होता. मी बसून राहिले. हलू नकोस म्हणाले म्हणून हलले नाही. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं, आणि तेही असल्या जागी. लाल-पांढरे पट्टे दिसेनात. आपण कुठल्या बाजूने आलो हेही आठवेना. उठून एकदा गोल फिरले आणि परत बसले, तर आता तोंड कुठं आणि पाठ कुठं याचा पत्ता नाही. खालच्या अंगाला कडा होता, हे मी येताना बघितलं होतं. आता खालचं अंग कुठलं, कुणास ठाऊक.

हाक मारावी म्हटलं. पण काय म्हणून मारू? नवऱ्याचं नाव आमच्यात घेत नाहीत. मी उखाण्यातसुद्धा एकदाच घेतलं आहे, तेही लोकांनी अडवून धरलं म्हणून. मी ओरडले, "आवं! ऐकलासा का?" ते धुक्यात जिरून गेलं. परत ओरडले, "वैशूचं आप्पा!" काही नाही. आता माणूस कड्याखाली पडला असला तर त्याला नाव घेऊन हाक मारावी की नाही, याचा मी बराच वेळ विचार केला. रडले नाही. रडून धुकं निघत नाही.

मधेच लांबून घंट्यांचा आवाज आला. जवळ जवळ आला, आणि दुसऱ्याच बाजूला निघून गेला. थोड्या वेळाने परत आला, या खेपेला वरून, आणि परत गेला. मला वाटलं माझं डोकं फिरलं. अंगावरचा स्वेटर ओला झाला. गुडघे वळेनात. मग मी ठरवलं की बास, आता नाव घ्यायचं. तोंड उघडलं, आणि माझ्या पायाला काहीतरी ओलं, गरम लागलं.

मेंढरू होतं. त्याच्या शेजारी दुसरं. मला बघून ती थबकली होती, आणि त्यांच्या घंट्या थांबल्या होत्या. मागून "हुर्र, हुर्र" ऐकू आलं. अगदी म्हसवडकडं साद घालतात तसं. ऑस्ट्रियातल्या मेंढरांना ते कसं कळलं, देव जाणे. मग घोंगडं दिसलं, आणि घोंगड्यात मालक.

त्यांनी आधी माझ्या डोक्यावर घोंगडं टाकलं.

"वरडली का न्हाईस?"

"काय म्हणून वरडू?"

त्यांनी जरा विचार केला. "व्हय, ते बी खरंच."

उतरताना त्यांनी सांगितलं. मेंढीच्या खुरात खडा रुतला होता, तो काढून फडकं बांधेपर्यंत धुकं आलं. मी कुठल्या बाजूला बसले आहे ते त्यांना उमगेना. मग त्यांनी सगळी मेंढरं आडवी पसरली, एका रांगेत, आणि तो अख्खा उतार वरून खाली, खालून वर विंचरून काढला. "म्होरं माणूस आला की मेंढरू थबकतंय. घंटी थांबती. जितं घंटी थांबंल तितं तू." तिसऱ्या फेरीला घंटी थांबली होती.

आता वाट कुणाला माहीत? मेंढरांना. त्यांच्या मागे मागे आम्ही दोन-अडीच तास उतरलो, आणि पोचलो ते डोंगराच्या भलत्याच बाजूला, एका खेड्यात. कळप सरळ एका अंगणात शिरला. अंगणात एक म्हातारा बादली घेऊन उभा होता, त्याच्या हातातून ती पडली. आणि जो ओरडायला लागला!

नंतर आम्हाला कळलं की तिकडं उन्हाळाभर मेंढरं डोंगरावर मोकळीच सोडतात. राखणदार नसतो. थंडीच्या तोंडाला खाली आणतात. म्हणजे मालकांनी त्याची मेंढरं दोन महिने आधी घरपोच केली होती. पण त्या वेळी हे आम्हाला माहीत नव्हतं, आणि मालकही ऐकून घेणाऱ्यातले नव्हेत. "जनावरं अशी वाऱ्यावर सोडत्यात व्हय रं? म्हातारा झालास की, अक्कल कवा येणार?" तो त्याच्या भाषेत, हे आपल्या. दोघांनी एकमेकांना मनसोक्त झापलं. मग म्हाताऱ्याला मेंढीच्या पायाला बांधलेलं फडकं दिसलं. त्याने खाली बसून पाय उचलून बघितला. मालकही बसले. दोघं मिळून तो खूर चाचपायला लागले. म्हाताऱ्याची बायको मला आत घेऊन गेली आणि गरम दूध दिलं. मी म्हटलं, असू दे. पुरुष असेच.

बंद केलेला फोन मालकांना परत चालू करता येईना; तिनेच तो चालू करून वैशालीला लावून दिला. वैशाली आणि जावई गाडी घेऊन आले, तेव्हा मालक ओसरीवर बसले होते. दूध प्यायले नव्हते, कारण पेला हातात धरवत नव्हता.  आवाज बसला होता, घोगरा झाला होता.

वैशाली रडत होती आणि चिडलीही होती. गाडीत बसल्या बसल्या सुरू झाली. "आप्पा, तुमचं काय करू मी? मेंढीसाठी आईला टाकून गेलात! आणि नसती सापडली म्हणजे?"

"परत फिरवली असती मेंढरं," मालक म्हणाले.

"तरी नसती सापडली तर?"

"परत फिरवली असती."

"अहो, अंधार पडला असता!"

"मेंढराला वास येतोय."

"आणि मेंढरं दमली असती तर?"

मालक खिडकीतून बाहेर बघत होते.  मग त्या घोगऱ्या आवाजात म्हणाले, "मी कुटं दमलो हुतो?"

 जावयांनी रस्त्याकडं बघितलं. मी म्हटलं, "पायताणं काढून ठेवा. गाडीत चिखल होतोय." त्यांनी काढून ठेवली.

त्या दिवशी त्या डोंगरावरून खाली आलो ते आम्ही दोघं, मी एकोणसत्तर वर्षांची आणि ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, आणि एकेचाळीस मेंढरं. सगळी जिवंत.