बिनबैलांचा शंकरपट

रविवारी सकाळी घनश्याम दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून अंगणात तयार उभा होता आणि दिघोरीच्या त्या घरात कुणाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. मुलगी पाहायला जायचं म्हटलं की या गड्याचं हमखास पोट दुखायचं. आज मात्र तोच बापाच्या मागे लागला होता.

"बाबा, चला ना जी! बस गेली तर मंग?"

"अबे, पोरगी लाखनीतच आहे," पुंडलिकराव धोतराचा काष्टा खोचत म्हणाले. "ते काही पळून नाई चालली."

मुलगी पळणार नव्हती, पण तीन वाजणार होते. खरी गोम तिथेच होती. स्थळ आणणारे भय्याजी दोन्हीकडचे सोयरे. त्यांनी लाखनीच्या वासुदेवरावांचं किराणा दुकान, पक्कं घर, शिकलेली मुलगी असं सगळं वर्णन केलं, तेव्हा घनश्याम जांभया देत होता. शेवटी ते सहज म्हणाले, "अन् घरात टीव्ही आहे," आणि पठ्ठ्या ताडकन म्हणाला, "जाऊ!"

तिकडे कॅनडात हिवाळी ऑलिंपिक चाललं होतं. सोसायटीच्या ऑफिसात येणाऱ्या पेपरात घनश्यामने बर्फावरच्या घसरगाडीचं चित्र पाहिलं आणि तो पार वेडा झाला. चौघं जण धावत गाडी ढकलतात, उड्या मारून आत बसतात आणि उतारावरून सुसाट सुटतात. शंकरपटाच्या, बैलांच्या शर्यतीच्या धुरळ्यात वाढलेल्या पोराला आणखी काय हवं? बर्फ त्याने मासळीच्या पेटीतच काय तो पाहिलेला, पण स्वित्झर्लंडची गाडी जिंकावी म्हणून तो मारुतीला नारळ बोलून बसला होता. त्याच शर्यतीचा कार्यक्रम आज तीन वाजता टीव्हीवर होता. तो हुकला की पुढची चार वर्षं बोंब. आणि दिघोरीत टीव्ही नव्हता.

बस वाटेत दोनदा बंद पडली. दोन्ही वेळा घनश्याम सगळ्यांच्या आधी खाली उतरून ढकलायला गेला. "पोट्ट्याले लग्नाची भारीच घाई दिसते," भय्याजी म्हणाले आणि पुंडलिकराव मिशीतल्या मिशीत खूश झाले.

वासुदेवरावांच्या बैठकीत टीव्ही कोपऱ्यात होता. त्यावर भरतकामाचा रुमाल, रुमालावर सकाळच्या पूजेचा हार. पाहुण्या मुलाला मानाची खुर्ची दिली ती नेमकी टीव्हीकडे पाठ असलेली. घनश्यामने मान वळवून पाहिलं, पुन्हा पाहिलं, मग खुर्चीच फिरवून बसला.

"ऊन येऊन राहिलं का?" वासुदेवरावांनी विचारलं.

"नाई जी. हा टीव्ही चालते का?"

"चालते ना. मस्त चालते."

"रंगीत आहे?"

"नाई, ब्लॅक अँड व्हाइट आहे."

घनश्यामचा चेहरा पडला. लाल गाडी कोणती, निळी कोणती, हे आता कळायचं कसं? पण मुलीच्या बापाने पडलेला चेहरा पाहिला की त्याच्या मनात एकच विचार येतो. वासुदेवराव गडबडीने उठून आत गेले, मागोमाग त्यांनी भय्याजींनाही बोलावून घेतलं. आतून त्यांच्या बायकोचा, निर्मलाबाईंचा दबका आवाज आला, "मंग देऊन टाका ना! टीव्हीसाठी का पोरीचं लग्न मोडता?"

तेवढ्यात चंद्रकांता आलूबोंड्यांच्या बशा घेऊन बाहेर आली. चांगली नाकीडोळी नीटस, नजर धीट. पण नवरदेवाची नजर तिच्या डोक्यावरून भिंतीवरच्या घड्याळाकडे गेलेली. तिच्या हे लक्षात आल्यावाचून राहिलं नाही.

वासुदेवराव परत आले ते घाम पुसतच. "पुंडलिकराव, आमचं काही म्हणणं नाई. पोराची इच्छा आहे तर नवा रंगीत टीव्ही घेऊन देऊ."

पुंडलिकरावांच्या हातातला आलूबोंडा हातातच राहिला. 'पोराच्या लग्नात सासऱ्याकडून चमचासुद्धा घेणार नाही' हे त्यांनी साऱ्या पंचक्रोशीत सांगून ठेवलं होतं. "कोण मागतला टीव्ही?" ते गरजले. "घनश्याम! तू मागतला? माह्या पाठीमागं हुंडा मागून राहिला?"

"बाबा, मी कायले मागू!"

"मंग रंगीत आहे का म्हणून काहून विचारलं?"

चंद्रकांताने उरलेल्या बशा ठणकन टेबलावर ठेवल्या. "ज्याले टीव्ही पायजे, त्यानं टीव्हीसंगच लगन लावावं," ती म्हणाली.

भय्याजी पायाने चपला चाचपू लागले. घनश्यामने आता पहिल्यांदा त्या मुलीकडे नीट पाहिलं. ही मुलगी हातची गेली तर शंभर शर्यती पाहूनही मन भरणार नाही, असं त्याला त्या क्षणी अगदी आतून वाटलं.

"मले टीव्ही नाई पायजे," तो काकुळतीला आला. "मले फक्त पाहाचा आहे. आत्ता. तीन वाजता बर्फावरच्या गाड्यांची शर्यत आहे जी."

"बर्फावर गाड्या?" वासुदेवराव म्हणाले. "कुठी?"

"कॅनडात."

कुणाचाच विश्वास बसला नाही. चंद्रकांता मात्र सरळ टीव्हीकडे गेली, हार खुंटीला अडकवला, रुमाल काढला. "लावून पाहू. शर्यत असन तर खरं, नसन तर लबाड."

टीव्हीने तापायला वेळ घेतला. मग पडद्यावर एक चष्मेवाले गृहस्थ उगवले आणि म्हशीच्या खुरांच्या रोगाबद्दल सांगू लागले. सगळ्यांनी घनश्यामकडे पाहिलं. "हेच का कॅनडा?" चंद्रकांताने विचारलं. चष्मेवाले औषध सांगत राहिले, ते उगाळायचं कसं तेही त्यांनी सांगितलं, आणि घनश्यामचा इस्त्रीचा शर्ट पाठीला चिकटला.

मग एकदाचे ते गेले आणि पडदा पांढरा झाला. डोंगर, बर्फ, आणि चौघं धिप्पाड गडी एका गाडीमागे धावताहेत.

"अबे, बैल कुठी आहेत?" पुंडलिकराव पुढे सरकले.

"बैल नसतात बाबा. हेच ढकलतात, हेच बसतात."

गाडी सुटली. पुंडलिकराव खुर्चीतून अर्धे उठले. "सुटली! अरे, सुटली रे बाप्पा!" वासुदेवरावही ऐन तारुण्यात पटाच्या दाणीवर, बैलं धावतात त्या पट्टीवर लोळलेले. त्यांनी मांडीवर थाप मारली. "वळणावर दाबली त्यानं! पाहा, पाहा, हाकणारा पक्का आहे!" दोघांच्या खुर्च्या सरकत सरकत टीव्हीपाशी गेल्या. निर्मलाबाई पदर तोंडाला लावून दारातून पाहू लागल्या आणि एक गाडी कलंडली तेव्हा "अगं माय" म्हणून खालीच बसल्या.

घनश्याम समजावून सांगत होता, चंद्रकांता शेजारी उभी राहून नेमके प्रश्न विचारत होती. "तुमची गाडी कोणती?" तिने विचारलं.

"स्वित्झर्लंडची. पण रंगच दिसत नाई तर ओळखावं कसं?"

"आता गेली ते. पडद्यावर नाव लिवून आलं होतं. तुमचं ध्यान कुठी होतं?"

ते कुठे होतं हे तिला ठाऊक होतं. ती हसली, आणि घनश्यामचं स्वित्झर्लंड पार वितळलं.

कार्यक्रम संपला तेव्हा चहा गार झाला होता. मुलीला कुणी एकही प्रश्न विचारला नव्हता, तरी लग्न ठरलं. घेणंदेणं काही नाही, मुलगी आणि नारळ, असं भय्याजींनी सगळ्यांसमक्ष जाहीर केलं. सगळे निघाले. पुंडलिकराव मात्र दारात चपला शोधत रेंगाळले. मग नव्या व्याह्यांच्या कानाशी लागून हळूच म्हणाले, "इवाई, थे रंगीत टीव्हीचं मघा तुम्ही काय म्हणून राहिले होते जी?"

"टीव्हीचं आता नाव काढू नोका," वासुदेवराव रुमालाची घडी घालत म्हणाले. "पोरगी न्या. दुकान विकून रंगीत घेईन, पण तो इथंच राहीन."