चषकाचा डावा कान

स्वयंपाकघरात खणकन आवाज झाला तेव्हा बाल्दोमेरोची अर्ध्या गालाची दाढी झाली होती. तो तसाच फेसासकट धावला.

ओट्यावर मातांब्रे होतं. मांसाच्या पातळ पट्टीत अंडी, गाजर आणि लसूण गुंडाळून उकडलेली वळकटी. उकडली की ती वजनाखाली दाबून ठेवावी लागते, हे मॉन्टेव्हिडिओत शेंबड्या पोरालाही ठाऊक. वजन म्हणून कोणी वीट ठेवतं, कोणी इस्त्री. एउलालियाने उरुग्वे आणि अर्जेंटिना या दोन देशांचा फुटबॉलचा चषक ठेवला होता.

चषक जागेवर उभा होता. त्याचा डावा कान फरशीवर पडला होता.

"मी नुसता हात लावला," ती म्हणाली. "आईशप्पथ, बाल्दो. नुसता हात!"

"नुसत्या हाताने चांदी तुटते? बैल आहेस का तू?"

"बैल तू! दोन वर्षं हे धूड घरात सांभाळतेय मी. कपाटात पोरांच्या चड्ड्या ठेवायला जागा नाही."

तिचंही खरं होतं. चषकाची जागा फुटबॉल मंडळाच्या कचेरीत. पण कचेरीचं छप्पर गळायचं, आणि आयुष्यात चेंडूला पाय न लावलेल्या मंडळाच्या साहेबांच्या बायकांना तो दिवाणखान्यात भडक दिसायचा. म्हणून तो कारकुनाच्या गळ्यात. पुसायचा बाल्दोमेरोने, फोटोत मिरवायचं साहेबांनी. वर अध्यक्ष आर्रेचेआ यांनी बजावलं होतं, "एक ओरखडा दिसला, तर दुसऱ्या दिवशी नवा कारकून." घरात तीन पोरं, चौथं एउलालियाच्या पोटात. आणि सामना त्याच दुपारी होता.

"याच्यावरची रिबीन कुठाय?"

"धुतली. मळली होती. नऊ गाठी होत्या मेल्या, एक सुटेल तर शपथ. कात्रीने कापली."

चषक ज्या देशाकडे, त्याच्या रंगाची रिबीन दोन्ही कानांतून ओवून बांधायची, अशी रीत. ही रिबीन दोन वर्षांपूर्वी ब्युनॉस आयर्सला अर्जेंटिनाच्या मंडळाचा कारकून फेर्मीन याने बांधली होती. "जिंकलेल्या पाहुण्यांचा मान, मीच बांधतो," म्हणाला होता. बाल्दोमेरोचे डोळे भरून आले होते. आणि या बाईने ती कात्रीने कापली!

सुताराचा सरस लावून पाहिला. चांदीने तो थुंकल्यासारखा टाकून दिला. शेवटी धुतलेली रिबीनच कानाभोवती करकचून आवळली, सात गाठी मारल्या. चषक दाढदुखीने फडकं बांधलेल्या म्हाताऱ्यासारखा दिसायला लागला.

"आपण जिंकलो तर?" एउलालियाने विचारलं.

"तर तो टेबलावरून हलत नाही. भाषण होतं, टाळ्या होतात, मी परत घरी आणतो. हरलो, तर अध्यक्ष दोन्ही कान धरून उचलणार आणि त्यांना देणार."

"बरोबरी झाली तर?"

"तरी पाहुण्यांनाच. या चषकाचा नियमच तसा आहे."

"हे कुठलं शहाणपण?"

"चषक देणारा चहाचा व्यापारी. पाहुण्याला रिकाम्या हाताने कसा धाडेल?"

विसाव्या मिनिटाला उरुग्वेने गोल केला. बाल्दोमेरोने शेजारच्या अनोळखी कसायाला मिठी मारली. पुढे सगळं मैदान खेळ बघत होतं आणि हा एकटा घड्याळ. पाच मिनिटं उरली असताना अर्जेंटिनाच्या एका लंबूने डोकं घातलं, आणि चेंडू जाळ्यात. एक-एक. शिट्टी वाजली. हरलो नाही म्हणून लोकांनी टाळ्या पिटल्या. बाल्दोमेरो मटकन खाली बसला.

टेबलापाशी अध्यक्ष अस्तन्या सावरत उभे होते. त्यांनी नाक फेंदारून हुंगलं.

"याला कसला वास येतोय?"

"पॉलिशचा, साहेब."

"पॉलिशला लसणाचा वास?"

"इंग्लिश पॉलिश आहे, साहेब."

"असेल. चला, सोडा रिबीन."

बाल्दोमेरोने पहिल्या गाठीवर बोटं ठेवली. डोळ्यांसमोर पोरं दिसली, एउलालियाचं पोट दिसलं. तेवढ्यात अर्जेंटिनाची रिबीन घेऊन फेर्मीन पुढे आला. तिच्यावरही तोच आभाळाचा निळा रंग, फक्त मध्ये पांढरा पट्टा. एका आभाळासाठी दोन देश भांडतात. फेर्मीनने गाठींवरून बोट फिरवलं आणि तो थबकला.

"सात?" तो पुटपुटला.

"सात."

"मी नऊ मारल्या होत्या."

बाल्दोमेरोने मान वर केली. फेर्मीनचा चेहरा बीटासारखा लाल झाला होता.

"डावा कानच ना?"

"डावाच."

"माझी सासू," फेर्मीन ओठ न हलवता म्हणाला. "तुम्ही न्यायच्या आधीच्या नाताळात. मातांब्रेवर ठेवला होता."

मग तो एकदम खड्या आवाजात म्हणाला, "अध्यक्षसाहेब, जुन्या रीतीप्रमाणे पाहुण्यांचा कारकूनच चषक उचलेल ना? रिबिनीवर रिबीन बांधून?"

अशी कुठलीही रीत नव्हती. पण आपल्याला एखादी रीत ठाऊक नाही हे कबूल करील तो अध्यक्ष कसला!

"अर्थात!" आर्रेचेआ म्हणाले. "फार जुनी रीत."

फेर्मीनने वरून नऊ गाठी मारल्या आणि बाळंतिणीच्या खोलीतून पोर आणावं तसा चषक छातीशी धरला. जाता जाता बाल्दोमेरोच्या कानाशी लागला.

"लसूण मात्र जरा जास्त झालाय वहिनींचा."

बाल्दोमेरो घरी आला तेव्हा एउलालिया चुलीपाशी होती. तिने वळून पाहिलं नाही. तो टोपी हातात घेऊन दारातच उभा राहिला आणि सगळं सांगितलं.

"एउला, तू खरंच नुसता हात लावला होतास."

"मग मी सकाळी काय सांगत होते?"

"चुकलो. बैल मी."

तिने मातांब्रेचा जाड तुकडा कापून त्याच्यापुढे ठेवला. मग रिकाम्या कपाटात पोरांच्या चड्ड्या एकेक करून रचल्या.

"पुढच्या खेपेला आपण तिकडे जाऊन बरोबरी केली, तर?"

"तर पाहुणे आपण. चषक परत इथे."

तिने कपाटाचं दार धाडकन लावलं.

"फेर्मीनच्या सासूला निरोप धाड. तोवर वीट वापर म्हणावं."