उजळाईवाडीचं यान आणि माझी मिशी

हे तुम्हाला पटणार नाही, हे आधीच सांगून टाकतो. पटलं तर मलाच चुकल्यासारखं होईल. आजवर माझी एकही गोष्ट कुणाला पटलेली नाही आणि या वयात नवी सवय लागणं बरं नव्हे.

माझं नाव केरबा. अख्ख्या करवीर तालुक्यात माझ्याएवढा गुप्त गुप्तहेर दुसरा नाही. इतका गुप्त, की बायको मला निवृत्त होईपर्यंत एसटीतला कंडक्टरच समजत होती. तसा मी कंडक्टर होतोही, पण नजर हेराची. गाडीत चढणाऱ्याच्या नुसत्या चेहऱ्यावरून बिनतिकीट माणूस ओळखायचो. एकदा असाच एक जण हेरला आणि भर स्टँडवर खाली उतरवला. मग बराच वेळ गाडी जागची हलेना, तेव्हा कळलं की तो ड्रायव्हर होता. पुढं देवळाबाहेरून गावातल्या सुभेदार अमरसिंहांच्या कोल्हापुरी चपला गेल्या, त्याचाही तपास माझ्याकडंच होता. आठवडाभर चोराच्या मागावर मी गल्ल्या पालथ्या घातल्या. पायांना त्रास असा झाला नाही. चपला चांगल्या होत्या, सुभेदारांच्याच होत्या.

तर परवा गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर मी पुण्याच्या एका पावण्याला ही यानाची गोष्ट सांगत होतो. दिवाळी नुकतीच सरलेली. कट्ट्यावर म्हैस गिऱ्हाइकासमोर उभी असते. पिराजी गवळी तिथल्या तिथं धार काढतो आणि वर चार बोटं फेस असलेला ग्लास हातात देतो. तो ऊन ऊन असतानाच एका दमात संपवायचा, ही रीत. कट्ट्याची आणखी एक रीत आहे. सांगणाऱ्याला मध्ये तोडायचं नाही. त्याचं दूध पिऊन झालं, की मग काय ते बोलायचं.

पिराजीनं माझा ग्लास पुढं केला. मी तो शेजारी कट्ट्यावर ठेवला आणि तोंडावरचा मफलर नीट केला. म्हटलं, जरा सर्दी आहे, निवू दे. पिराजीनं माझ्याकडं बघितलं, मग जयपालकडं बघितलं, आणि पुन्हा म्हशीखाली बसला.

जयपाल हा माझा सहायक. शाहूपुरीत त्याचं भुसारीचं दुकान आहे. धर्मानं जैन आणि नियमाला पक्का. दिवस मावळला की पाण्याशिवाय काही घेत नाही. त्यामुळं रहस्याला रंग चढायची वेळ आली, की माझा सहायक नेमका घरी जेवायला गेलेला असतो. बाकी माणूस गुणी आहे. माझं कुठं चुकलं ते त्याला आधीच कळतं, आणि ते तो मला सांगतोही. त्याचा तेवढा एकच दोष.

प्रकरण सुरू झालं दसऱ्यानंतर. उजळाईवाडीच्या विमानतळाच्या कुंपणापलीकडं माळ आहे. तिथं तीन निवृत्त फौजी रोज दिवेलागणीला फिरायला जातात. त्या तिघांना एका संध्याकाळी माळावर काहीतरी तरंगताना दिसलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिसलं. चौकीत गेले, तर तिथं त्यांना चहा मिळाला आणि दिवाळीनंतर या म्हणून सांगण्यात आलं. मग ते माझ्याकडं आले. म्हणजे आले होते जयपालच्या दुकानात साखर न्यायला, पण मी तिथं पोत्यावर बसलो होतो.

मी तिघांच्या साक्षी वेगवेगळ्या घेतल्या.

सुभेदार अमरसिंह पायदळातले. ते बसून बोलतच नाहीत. उभं राहून, छाती पुढं काढून त्यांनी अहवाल दिला. वस्तू एक. आकार अर्धचंद्र, टोकं वर. दोन्ही कडांना लाल-हिरवे दिवे. जमिनीपासून पुरुषभर उंचीवर तरंगती, खाली आधार काही नाही. आवाज तोफखाना फुटल्यासारखा, आणि त्यात मधूनच बारीक छुमछुम.

हवालदार धैर्यशील खरोखरच तोफखान्यातले. ते ठामपणे म्हणाले की यानाला आवाज असा नव्हताच. अर्थात ही साक्ष घेताना मला प्रत्येक प्रश्न तीनदा ओरडून विचारावा लागला आणि पलीकडच्या दुकानदारानं दोन उत्तरं दिली.

तिसरा राजवीर. हा हवाई दलातला, त्यामुळं विमानांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. नोकरी त्याची भटारखान्यात झाली, पण हवाई दल म्हटल्यावर लोक त्याला इंजिनाबद्दल विचारतात आणि तोही सांगतो. तो म्हणाला, "आकार-बिकार मला कळत न्हाय. पण वास आला. घाण्याचं शेंगतेल हाय, लिहून घ्या."

मी लिहून घेतलं नाही. मोठे हेर डोक्यात ठेवतात. माझ्या डोक्यात तेव्हा पहिला सिद्धांत शिजत होता.

यान शेंगतेलावर चालतं. परग्रहावर भुईमूग पिकत नाही. म्हणजे ते इंधन भरायला कोल्हापुरात उतरत होते. जयपालनं विचारलं, मग छुमछुम कशाची? मी म्हटलं, लांबचा प्रवास आहे, बायकामाणसं बरोबर असणारच. तो म्हणाला, "आण्णा, तेल लावलेलं, पैंजण घातलेलं, शिंगाच्या आकाराचं काय असतंय, जरा विचार करा की." मी विचार केला आणि दुसरा सिद्धांत मांडला. हे परग्रहवाले नव्हेतच. तांबड्या रश्श्याची कृती चोरायला कुणीतरी पाठवलेलं हे हेरगिरीचं यंत्र आहे. जयपालनं घड्याळ बघितलं आणि जेवायला गेला.

मी माळावर पुरावे शोधायला गेलो. पहिल्याच फेरीत पुरावा पायाला लागला. गोल, पसरट, काळपट हिरवा, आणि अजून कोमट. यान नुकतंच उडालं होतं. ते शेण आहे असं कुणीही सांगितलं असतं. म्हणूनच मी तसं म्हटलं नाही. सर्वसामान्य माणसाला जे दिसतं तेच आपल्यालाही दिसायचं असेल, तर हेर कशाला व्हायचं? मी तो नमुना जेवणाच्या डब्यात भरला. ज्या डब्यात भरला तो बायकोचा होता, त्यामुळं पुढचे काही दिवस तपास घराबाहेर राहून करावा लागला.

इकडं गावात फौजींची टिंगल सुरू झाली. सुभेदार दिसले की पोरं हात पसरून घिरट्या घालायची. एका संध्याकाळी याच कट्ट्यावर, पन्नास माणसांदेखत, सुभेदारांनी मला विचारलं, "केरबा, छडा लागणार का न्हाय? तुला जमत नसंल तर तसं सांग."

आता माझी मिशी कुणी बघितली नसेल तर सांगतो. चाळीस वर्षांची मिशी. माझ्या सासऱ्यांनी लग्नाच्या बैठकीत पगार विचारला नाही, मिशी बघून होकार दिला. पगार विचारला असता तर मी आज ब्रह्मचारी असतो. आगारातल्या एका साहेबानं ती उतरवायला सांगितली, तर मी गगनबावड्याला बदली घेतली, मिशी दिली नाही. त्या मिशीवर ताव देऊन मी म्हणालो, "पाडव्याच्या आत यान आणि त्याचा चालक दोन्ही हजर करीन. न्हाय केलं तर चौकात बसून ही मिशी उतरवीन." लोक गप्प झाले. एवढ्यावर मी थांबायला हवं होतं. पण पन्नास माणसं गप्प झाली की मला राहवत नाही. मी पुढं म्हणालो, "आणि माझ्याआधी दुसऱ्या कुणी छडा लावला, तरी उतरवीन."

सुभेदार म्हणाले, "ऐकलं सगळ्यांनी." धैर्यशील हवालदारांनीसुद्धा ऐकलं होतं.

घरी येऊन आरशासमोर मिशीवर बोट ठेवून ओठ कसा दिसतो ते बघितलं. पुन्हा बघवलं नाही.

पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी मी माझी जुनी राजदूत काढली आणि माळाकडं निघालो. वाटेत गतिरोधकावर राजदूतच्या सायलेन्सरची पुंगळी गळून पडली आणि गाडी असा फटफटाट करायला लागली, की माझा गुप्तपणा थेट गोकुळ शिरगावपर्यंत पोचला. बाभळीमागं गाडी बंद करून दबा धरला. पलीकडं तिन्ही फौजी ओळीनं उभे. उजेड सरला आणि ते आलं.

पावणं, मी खोटं सांगत नाही. काळोखात नुसता दिव्यांचा अर्धचंद्र. लाल, हिरवा, लाल, हिरवा. खाली काही नाही. आधी मोठा आवाज आला, मग एकदम बंद पडला, आणि यान माळाच्या मध्यावर थांबलं. आमच्याकडं बघत थांबलं. मला वाटलं, आता जवळून पाहणी करावी, म्हणजे घरी जावं. मी राजदूतला किक मारली.

तो फटफटाट ऐकताच यान माझ्याकडं निघालं.

मी डावीकडं वळलो, यान डावीकडं. मी उजवीकडं, यान उजवीकडं. मी कुंपणाला वळसा घातला, छुमछुम माझ्या पाठीशी. या पृथ्वीवरच्या सगळ्यात मोठ्या मेंदूला न्यायला ते आलेत, हे मला तत्क्षणी उमगलं. मी त्यांना मराठीत सांगितलं की सुभेदारांना न्या. मग हिंदीत सांगितलं. शेवटी सवयीनं तोंडातून "पुढं सरका, पुढं सरका" एवढंच निघत राहिलं, आणि ते पुढं सरकतच होतं. जयपाल म्हणतो मी घाबरलो होतो. मी यानाला फौजींच्या दिशेनं ओढून आणत होतो, हे त्याला कळायचं नाही. राजदूत चरात गेली तीही ठरवूनच गेली. तिथून मी बाभळीवर चढलो, वरून दिसतं चांगलं. काटे नंतर कळले.

यान बाभळीखाली येऊन थांबलं आणि त्यानं माझा लोंबणारा पाय चाटला.

एवढ्यात जयपाल आला. सणाचा स्वयंपाक म्हणून घरी पानं लवकर वाढली होती, त्यामुळं जेवून, हात धुऊन आयुष्यात पहिल्यांदाच तो वेळेवर पोचला. यानाजवळ गेला, दिव्यांच्या खाली हात घातला आणि मानेखाली खाजवलं. "आण्णा, उतरा खाली," तो म्हणाला. "म्हस हाय."

पावण्याला हे समजावून सांगावं लागलं. दिवाळीच्या पाडव्याला आमच्याकडं म्हशींची मिरवणूक असते. म्हैस भादरायची, तेल लावून आरशासारखी काळी करायची, शिंगं रंगवायची, पायात चाळ बांधायचे. मग मालक पुंगळी काढलेली मोटारसायकल फटफटवत पुढं आणि म्हैस त्या आवाजामागं पळत. त्याचा सराव महिनाभर आधी चालतो. पिराजीनं यंदा कुणाला कळू न देता शिंगांना बॅटरीवरच्या दिव्यांची माळ गुंडाळली होती. काळी म्हैस काळ्या माळावर, दिसणार कोण? नुसती शिंगं. आणि मालकाच्या गाडीचं पेट्रोल संपलं, म्हणून बिचारी उभी होती. तेवढ्यात माझी राजदूत फुटली. कोल्हापुरातल्या शेंबड्या पोरानंही ओळखलं असतं. मी हेर असल्यामुळं ओळखलं नाही.

मागनं पिराजी गाडी ढकलत आला, घामानं निथळत. सुभेदारांनी विचारलं, अंधारात दिवा न लावता का फिरतोस? तो म्हणाला, "हिकडं यान दिसतंय म्हणं रोज. त्याला दिसायला नको म्हणून दिवा बंद करून येतोय की मी."

पावणा इतका हसला की पिराजीच्या हातची चरवी हिंदकळली. मग डोळे पुसत त्यानं विचारलं, "पण पैज? म्हैस आहे हे आधी सांगितलं या जयपालकाकांनी."

जयपालनं घसा खाकरला. पण माझा ग्लास भरलेला होता, रीत रीत असते.

मी सांगितलं, तिथंच तर खरी गंमत आहे. म्हैस हाय, हे आधी मीच म्हटलं होतं. पण बाभळीवरून म्हटलं होतं, आवाज खाली पोचायला वेळ लागतो. सुभेदारांनी जागेवरच निवाडा केला. उंचीचा विचार करून छडा केरबाच्या नावावर लावला, मला कडक सलाम ठोकला, आणि म्हणाले, अशी मिशी कोल्हापूरची शान आहे, हिला वस्तरा लावणारा अजून जन्मायचा आहे. पाडव्याच्या मिरवणुकीत म्हशीच्या पुढं मी होतो. लोक म्हशीकडं बघत नव्हते, मिशीकडं बघत होते.

पिराजीनं धार थांबवली. वळून मला म्हणाला, "आण्णा, दूध निवालं. याच चांदणीचं हाय, तुमचा पाय चाटलेल्या. सोडून जाऊ नगासा."

म्हशीनंही मान वळवून बघितलं. उपाय राहिला नाही. मी मफलर हनुवटीखाली ओढला, ग्लास उचलला, एका दमात रिकामा केला आणि खाली ठेवला.

पावणा माझ्या तोंडाकडं बघत राहिला. मग खिशातला रुमाल काढून पुढं करत म्हणाला, "काका, फेस थेट ओठाला लागलाय. मिशी कुठं आहे?"