शांतता समिती, बोईसर बाजार

"आठ दिवसांत या बाजारात शांतता नांदली नाही, तर नावाचा सावे नाही!"

असं कमलाकांत सावे बायकोला म्हणाले, तेव्हा त्यांच्या सदऱ्यावर पितळेचा कोरा करकरीत बिल्ला होता. 'शांतता समिती, बोईसर.' दमयंतीबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी बिल्ल्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "म्हणजे नेमकं करायचं काय?"

आणि इथंच तर सगळी गोम होती! सावे धंद्यानं घड्याळजी. कुठलीही वस्तू हातात आली की तिच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय त्यांना चैन पडायचं नाही. पाहुण्यांच्या ट्रान्झिस्टरपासून शेजाऱ्यांच्या कुलपापर्यंत सगळं त्यांनी उघडून पाहिलेलं. परत बसवलेलं मात्र निम्मंच! पण या समितीच्या आत काय आहे, ते काही त्यांना ठाऊक नव्हतं.

झालं होतं असं. तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चाललं होतं. परमुलखातली माणसं रोज बोईसरला उतरत होती आणि बाजारात त्यांची नि गावकऱ्यांची कशावरून ना कशावरून जुंपत होती. तेव्हा पोलीस आणि गावकरी यांनी मिळून काहीतरी करावं, असं पालघरच्या फौजदारसाहेबांनी मनावर घेतलं. स्टेशनाशेजारी सभा भरली. साहेब उभे राहिले. "शांतता समितीचं काम म्हणजे..." म्हणाले, आणि नेमकी मालगाडी आली. ती पण कसली, संपता संपेना! ती गेली तेव्हा साहेब म्हणत होते, "...एवढं केलंत की झालं. पुढच्या सोमवारी बाजारात येऊन बघतो. ज्याचं काम पसंत पडेल, त्याचं नाव चौकीच्या फळ्यावर!"

फळ्यावर नाव! सावेंच्या तोंडाला पाणीच सुटलं. पण मालगाडीत गेलेलं वाक्य आता विचारणार कुणाला? पहिल्या रांगेत बसून त्यांनी चांगली जोरजोरात मान डोलावली होती ना! समितीतल्या बाकीच्या चौघांनी बिल्ले घेतले आणि घर गाठलं. हवालदार एकनाथ सभेत चहा वाटत होते. त्यांना वाटलं, सावेशेठना ठाऊक असणारच.

शेवटी सावेंनी तो शब्दच घड्याळासारखा उघडला. शांतता. शांत. म्हणजे आवाज नाही! "हात्तिच्या! सोपं आहे की!"

मंगळवारी न्हाव्याचा रेडिओ बंद. बुधवारी कल्हईवाल्याला गावाबाहेर बसवलं. गुरुवारी टांगेवाल्याच्या घोड्याला समज दिली. सावे पुढं, काठी घेऊन एकनाथ मागं. लोकांनाही प्रश्न पडला, की हा नवीन कायदा आला कुठून? शोध किराणावाल्या कृष्णकांतनं लावला.

"तारापूरला अणू आणणार आहेत ना, त्याची ही तयारी. अणू फार नाजूक असतो म्हणे. मोठ्यानं बोललं की फुटतो!"

झालं! शनिवारपर्यंत अख्खा बाजार आपण होऊनच खुणांवर आला.

सोमवार उजाडला. तारापूरच्या बंदरावरून पारू आठवड्यानंतर मासळीची पाटी घेऊन आली आणि तिनं नेहमीची हाळी ठोकली, "बोंबीऽऽल! ओले बोंबीऽऽल!"

सावे धावले. "शू! पारू, हळू!"

"का? कोन मेलं?"

"कुणी नाही गं! शांतता समिती!" सावेंनी बिल्ला पुढं केला.

"मंग मी इकू कशी? गप बसून बोंबील खपतात काय? दुपार झाली का मावरं नरम पडेल. मंग कोन घेनार, तुमची समिती?"

"खुणेनं विक."

पारूनं हात लुळा सोडला आणि बोंबलासारखा हलवून दाखवला. तिला लकवा झाला असं समजून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन धावली. बोंबील कुणीच घेतले नाहीत. पारू पाटीशी मटकन बसली. सावेंना वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. पण साहेब आता येणार होते हो!

तेवढ्यात प्रकल्पावरचे एक ड्रायव्हर, मिश्राजी, कृष्णकांतच्या दुकानात आले. त्यांना हवी होती मिरची. त्यांनी जीभ बाहेर काढली आणि तोंडावर हातानं वारा घातला. कृष्णकांतला वाटलं, हा आपल्याला वेडावतोय! त्यानं अंगठा दाखवला. मिश्राजींनी त्याची गचांडी धरली. इकडून गाववाले धावले, तिकडून प्रकल्पवाले धावले आणि जुंपली! पण एकाच्याही तोंडून ब्र नाही. पागोटी उडतायत, गुद्दे पडतायत, आणि ज्याला लागतंय तो स्वतःच स्वतःचं तोंड दाबतोय!

फौजदारसाहेब स्टेशनावरून आले ते खूश होऊनच. केवढी ही शांतता! कोपरा वळले आणि जागीच थबकले. ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, तर एकनाथ हवालदारांनी ओठांवर बोट ठेवलं. "शू, साहेब! अणू!"

त्याच वेळी कुणाचा तरी पाय पारूच्या पाटीला लागला.

"मेल्यांनोऽऽ! माज्या पाटीला पाय लावाल तर एकेकाला सुकत घालीन!"

सगळा बाजार थिजला. धरलेल्या गचांड्या तशाच धरून माणसं अणू फुटायची वाट बघू लागली. काही फुटलं नाही.

"भाईसाब," मिश्राजी हळूच म्हणाले, "मैं तो मिर्ची माँग रहा था।"

"मिरची? अहो, मग बोलायचं की!" कृष्णकांत म्हणाला, आणि त्यानं मिश्राजींची कॉलर सारखी केली.

साहेब सावेंकडे वळले. "मी काय सांगितलं होतं?"

"साहेब... मालगाडी..." सावेंनी स्टेशनाकडे बोट दाखवलं.

"लोकांना एकमेकांशी बोलतं करायचं, हे समितीचं काम! गाववाल्यांना त्यांच्याशी, त्यांना गाववाल्यांशी! आणि तुम्ही तोंडंच शिवलीत?" मग साहेब पारूला म्हणाले, "बाई, तुम्ही सांगा यांना, शांतता म्हणजे काय?"

"जिच्यात माजी पाटी खपते, ती," पारू म्हणाली. "आनि साहेब, दुपार व्हायला आली हाय!"

साहेबांनी सावेंकडे नुसतं बघितलं. सावेंना या खेपेला काही विचारावं लागलं नाही. ते पाटीशेजारी उभे राहिले, घसा खाकरला आणि पुटपुटले, "बोंबील..."

"मोठ्यानं वो, काका!"

"बोंबीऽऽल! ओले बोंबीऽऽल!"

पहिला वाटा मिश्राजींनी घेतला. तो कसा शिजवायचा हे कृष्णकांतनं त्यांना सांगितलं, तेही हिंदीत. आणि दुपार व्हायच्या आत पाटी रिकामी झाली!

चौकीच्या फळ्यावर त्या आठवड्यात नाव लागलं. 'शांतता समिती, बोईसर बाजार : पारूबाई.' आणि खाली बारीक अक्षरांत, 'मदतनीस : क. सावे.'

पूर्ण नावाला फळ्यावर जागा पुरली नाही, असं सावे सांगतात.