नुकसानीचं स्वरूप : पदवी

मुलीने पत्रकारितेच्या पदवीचं माहितीपत्रक जेवणाच्या टेबलावर ठेवलं, तेव्हा सर्व्हेअरसाहेबांनी ते उचलून आधी मागचं पान पाहिलं. बावीस वर्षं विमा कंपनीसाठी ठोकरलेल्या गाड्या आणि जळालेली गोडाऊनं तपासलेल्या माणसाला ही खोड लागतेच. मागच्या पानावर फी होती. तीन वर्षांची मिळून ती त्यांच्या सव्वादोन वर्षांच्या पगाराएवढी होत होती.

"शनिवारपर्यंत भरायचीय," मुलगी म्हणाली.

"आणि पुढे काय?"

"पुढे पत्रकार."

"ते आत शिरतानाचं झालं. बाहेर पडल्यावरचं विचारतोय."

मुलीने तिसरं पान उघडून दाखवलं. शंभरातले ब्याण्णव विद्यार्थी वर्षाच्या आत कामाला लागतात, असं तिथे ठळक अक्षरांत होतं आणि शेजारी हातात माईक धरलेल्या एका हसऱ्या तरुणाचा फोटो होता. इतकं हसणारी माणसं सर्व्हेअरसाहेबांनी फक्त क्लेम पास झाल्यावर पाहिली होती, आणि तीही चेक हातात पडेपर्यंतच. त्यांचं मन खट्टू झालं. मुलगी एकुलती एक. तिला नाही म्हणायचं तर हातात पुरावा हवा, आणि हो म्हणायचं तर त्याहून जास्त हवा.

"चौकशी करतो," ते म्हणाले.

"अहो, कॉलेज आहे ते," बायको म्हणाली. "तिथे आग लागलेली नाही."

पण सर्व्हेअरसाहेबांना चौकशीची एकच रीत ठाऊक होती. सोमवारी त्यांनी विद्यापीठाला फोन करून माहितीपत्रकातल्या तीन माजी विद्यार्थ्यांचे नंबर मिळवले. प्रश्नावली नव्याने लिहायची म्हटल्यावर त्यांची बोटं चालेनात, म्हणून त्यांनी ऑफिसचा मोटारगाडीचा क्लेम फॉर्म घेतला आणि 'वाहन' होतं तिथे तिथे 'पदवी' घातलं. नुकसानीची तारीख. नुकसानीचं स्वरूप. नुकसानीच्या वेळी आपण कोठे होता. मोडीत काढल्यास येणारी किंमत. सगळं व्यवस्थित जमलं आणि फॉर्म तिघांच्या फोनवर गेला. वर कंपनीचं नाव तसंच राहिलं. खाली 'छाननी करून भरपाईबाबत कळवण्यात येईल' ही ओळही तशीच राहिली, आणि त्याखाली त्यांचा फोन नंबर. बावीस वर्षांत ती ओळ त्यांनी एकदाही वाचली नव्हती. वाचण्याची वेळ नेहमी समोरच्यावर येते.

मंगळवारी संध्याकाळी दारात माईकवाला तरुण उभा राहिला. माईक नव्हता, हातात मोठी बॅग होती. कंपनीच्या रखवालदाराकडून पत्ता काढून तो भरलेला फॉर्म द्यायला जातीने आला होता.

"तुमचा फोटो पाहिलाय मी," सर्व्हेअरसाहेब म्हणाले.

"माईक डिपार्टमेंटचा होता. फोटो झाल्याबरोबर परत घेतला."

"आणि सध्या?"

"पाण्याचे फिल्टर विकतो. त्या ब्याण्णवांत मी आहे, साहेब. कामाला लागलो, एवढंच त्यांनी लिहिलंय. कुठल्या, ते कुठे लिहिलंय?"

त्याच्या फॉर्मवर नुकसानीचं स्वरूप 'हळूहळू' असं लिहिलेलं होतं. मोडीच्या किमतीपुढे त्याने रेघ मारली होती.

"अहो, पण ही नुसती माहिती गोळा करत होतो मी. भरपाई वगैरे काही नाही."

"क्लेमच्या आधी सगळेच असं म्हणतात," फिल्टरवाला समजूतदारपणे म्हणाला. "बाकीच्यांनाही फॉर्म पाठवून ठेवलाय मी. आमच्या बॅचचा ग्रुप आहे."

तो गेला तेव्हा सर्व्हेअरसाहेबांच्या बायकोने एक फिल्टर विकत घेतलेला होता. माणूस बोलण्यात तयार होता, शिक्षण अगदीच वाया गेलं होतं असं म्हणता येत नव्हतं.

बुधवारी सकाळी एका बातम्यांच्या वेबसाइटवर मथळा झळकला : 'पत्रकारितेच्या पदवीधरांना भरपाई मिळणार?' दुसऱ्या वेबसाइटने त्यातलं प्रश्नचिन्ह काढलं. तिसरीने रक्कम जाहीर केली. दुपारपर्यंत अकरा ठिकाणी बातमी लागली होती आणि एकीने तर कंपनीतल्या वरिष्ठ सूत्रांचा हवाला दिला होता. सर्व्हेअरसाहेब फोन समोर ठेवून बसून होते. फॉर्मवर त्यांचा नंबर ढळढळीत छापलेला होता आणि तो फिरवायचं एकालाही सुचलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच.

गुरुवारी कंपनीच्या दारात रांग लागली. रांगेत शाळेचे क्लार्क होते, टॅक्सीवाले होते, केकच्या दुकानातली एक मुलगी होती आणि अजूनही बातम्या लिहिणारे, म्हणजे सगळ्यांत थकलेले, असेही काही जण होते. संध्याकाळी मोजले तर दोनशे सतरा फॉर्म भरले. मोटारवाल्यांचे फॉर्म सर्व्हेअरसाहेबांना पाठ होते, 'समोरचा अचानक आला' याच्या पुढे कोणी जात नसे. ही माणसं लिहिणारी होती. नुकसानीच्या वेळी कोठे होता, यापुढे एकाने लिहिलं होतं, 'घटनास्थळी. बातमी दुसऱ्याच्या नावाने छापून आली.' एका बाईंनी लिहिलं होतं, 'सात वर्षांत तीन वर्तमानपत्रं बंद पडली. तिन्हींच्या शेवटच्या अंकात मी होते.' सर्व्हेअरसाहेबांना फार वाईट वाटलं. हवा होता तो पुरावा मिळाला होता, टेबलावर वीतभर उंच होता, आणि त्यांना तो घरी न्यावासा वाटेना.

मॅनेजरने त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

"उद्या कोणी लग्नाचा क्लेम घेऊन येईल. काय करायचं मी?"

"साहेब, माझ्या मुलीच्या ॲडमिशनसाठी..."

"मुलीची ॲडमिशन नंतर बघा, आधी स्वतःची नोकरी बघा. उद्या संध्याकाळपर्यंत खुलासा सगळीकडे गेला पाहिजे. नाहीतर सोमवारी येऊ नका."

घरी येऊन ते खुलासा लिहायला बसले. 'सदर फॉर्म सदर कर्मचाऱ्याने सदर हेतूने' इथवर गाडी आली आणि रुतली. मुलीने त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं.

"बाबा, सरका. फॉर्म पहिल्यांदा कोणाला पाठवलात?"

"तिघांना."

"किती वाजता?"

"अकराच्या सुमाराला. आता त्याचं काय?"

"सुमाराला नको. फोनमध्ये बघून सांगा."

शुक्रवारी सकाळपासून तिने मॅनेजरला फोन केला, फिल्टरवाल्याला केला, विद्यापीठात करून ते ब्याण्णव कसे मोजतात हे विचारलं, आणि वडलांना तोच प्रश्न पुन्हा विचारून उत्तर तेच येतं का ते पाहिलं. कंपनीत जाऊन दोनशे सतरा फॉर्म तिने एका बैठकीत वाचून काढले. दुपारी चार परिच्छेद तयार झाले. त्यांत एकही 'सदर' नव्हतं, कोणाची टिंगल नव्हती, आणि चूक कोणाची हे पहिल्याच ओळीत होतं. ती वडलांची होती. सर्व्हेअरसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि कुठेही बोट ठेवायला जागा सापडली नाही.

मॅनेजरने मान डोलावली आणि नोकरी वाचली. खुलासा अकराही वेबसाइटना गेला. दहांनी उत्तर दिलं नाही. अकराव्या संपादकाने दिलं : 'खुलासे कोणी वाचत नाही, त्यामुळे लावता येणार नाही. पण लिहिणारी नेमकं लिहिते. सहा महिने बिनपगारी यायला हरकत नाही. पदवी मात्र लागेल.'

मुलगी ते वाचून एकदाच हसली. मग तिने माहितीपत्रक रद्दीत टाकलं.

"मी नाही जात, बाबा. तुमच्या ऑफिसात ट्रेनी घेतात ना? तिथे विचारा माझ्यासाठी."

सर्व्हेअरसाहेबांना हेच हवं होतं. पक्की नोकरी, महिन्याच्या महिन्याला पगार, आणि नुकसान नेहमी दुसऱ्याचं. मनासारखं झालेल्या माणसाला चार घास जास्त जायला हवेत, पण त्यांचा घास तोंडातच फिरत राहिला. समोर मुलगी मान खाली घालून निमूटपणे जेवत होती. ती भांडली असती, रुसली असती, तर त्यांना बरं वाटलं असतं. इतकी शहाणी ती एका आठवड्यात झाली होती, आणि ती आपणच केली हे त्यांना कळत होतं.

शनिवारी ते कोणाला न सांगता बाहेर पडले. दुपारी परत आले आणि टेबलावर एक कागद ठेवला.

"हे काय?" मुलीने विचारलं.

"पावती."

मुलीने कागद उलगडला आणि खुर्चीवर बसली. "बाबा, दोनशे सतरा माणसं सांगतायत की आम्ही बुडालो म्हणून."

"सांगतायत. पण त्यांतल्या एकाने तरी मला फोन करून विचारलं का, की बाबा रे, हे खरं आहे का? तू मॅनेजरला विचारलंस, त्या फिल्टरवाल्याला विचारलंस. मी तुझा बाप, तर मलाही दोनदा विचारलंस."

"त्याने नोकरी मिळते?"

"नाही."

"मग?"

"मग नुकसान होईल," सर्व्हेअरसाहेब म्हणाले. "होऊ दे. मोजायला मी आहे घरात."

बायकोने नव्या फिल्टरमधून पाण्याचा ग्लास भरून त्यांच्यापुढे ठेवला. मुलीने पावती उलटून मागची बाजू पाहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज नेहमीचाच होता.

"मन बदललं तर ही फी परत मिळते?"

"नाही मिळत," सर्व्हेअरसाहेब म्हणाले. "दोन खिडक्यांवर विचारून खात्री केली."