विचारणाऱ्याचा डबा

चिंचवडच्या माळावर बिजागऱ्या करणारी एक कंपनी होती. छप्पन सालच्या एका मंगळवारी तिथं माळकरी आबाजींनी सुकटीचं कालवण खाल्लं. हा डबा आपला नव्हे, अशी त्यांची बोंब उठली तेव्हा डबा अर्धा संपला होता. ओरडायला एवढा वेळ का लागला, हे कुणी विचारलं नाही. चूक दरवानाची ठरली.

दरवान कोंडाजी. बायका दारात डबे आणून देत, त्या सांगतील तसं तो लिहून घेई. त्याच्या वहीत त्या दिवशीच्या नोंदी अशा:

तांबडं फडकं: ह्यांचा.
निळं फडकं: आमच्यांचा.
बिनफडक्याचा: मिशीवाल्यांचा.

मिशी कंपनीत सगळ्यांनाच होती. पण नवऱ्याचं नाव घ्यायचं कसं? त्यानं त्याचं आयुष्य कमी होतं, हे लहान पोरीलाही ठाऊक.

साहेबानं हुकूम काढला: नाव सांगितल्याशिवाय डबा आत नाही.

बुधवारी रांग मुकी उभी राहिली. मग रांगेतून एक नवी बाई पुढं झाली, लातूरकडची रंभा. डबा टेकवून म्हणाली, "ज्योतीराम."

बायकांनी कानांवर पदर ओढले.

"अगं, मारतीस का त्याला?" शालनबाई म्हणाल्या. रांग त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती.

"नाव घेऊन माणूस मरतंय व्हय? कालच दोन भाकरी जास्त खाल्ल्यात त्यानं."

शालनबाईंनी वाट काढली. उखाण्यात नाव चालतं.

"चिंचवडच्या माळावर भोंगा वाजतो बाराला,
उद्धवरावांचा डबा आला कंपनीच्या दाराला."

चाळीस बायका, चाळीस उखाणे. एकीला यमक सुचेना, दुसरी लाजून पुन्हा पहिल्यापासून सुरू करी. रांग थेट सडकेला भिडली आणि जेवणाची सुट्टी संपली तरी निम्मी कंपनी उपाशी. वेळेवर जेवला तो एकटा ज्योतीराम.

नळावर रंभाला पाणी भरू देईनात. तिचा हंडा रोज मागं सरकवला जाई आणि ती रोज दारात तोच एक शब्द ठेवी. भांडण नाही, भाषण नाही. "ज्योतीराम."

पंधरा दिवसांनी सुभद्राबाई पुटपुटल्या, "सोपान... तेच." त्यानंतर उखाणे झिजू लागले. शालनबाईंचाही झिजला.

माळावर भोंगा वाजतो बाराला, उद्धवराव.
बाराला, उद्धवराव.
उद्धवराव.

संक्रांतीपर्यंत रांग पाव तासात संपू लागली. ज्योतीरामही धडधाकट होता, नुसता पोटानं वाढला होता.

कोंडाजी नावं ऐकत राही. कुणी तोडून बोले, कुणी नाव तोंडात जरा घोळवून सोडी. चाळीस बायका, चाळीस नावं. त्यात त्याचं नाही. आई गेल्यापासून त्याला कुणी कोंडाजी म्हटलं नव्हतं. कंपनीत तो दरवान. बायको रुक्मिणी चार वर्षं करमाळ्याकडं, इथं खोली मिळेना म्हणून. तिची पत्रं मास्तर लिहीत, मायना ‘घरधन्यास’. रुक्मिणीच्या तोंडून आपलं नाव कसं ऐकू येईल? हे मनात आलं की त्याची नोंद चुकायची.

शेवटी खोली मिळाली. रुक्मिणी आली. कोंडाजीनं तिला बजावलं, "डबा दारात आणून द्यायचा. रांगेतनं."

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यानं मिशी कातरून घेतली.

रुक्मिणीची पाळी आली. त्यानं वहीत मान घातली. "कुणाचा डबा?"

"असं काय करताय?"

"नियम हाय."

"जे इचारत्यात त्यांचा."

"नाव लागतं."

मागून शालनबाई म्हणाल्या, "घे गं, त्यात काय एवढं? आम्ही पहिल्यापासनं घेतो." बायकांनी माना हलवल्या. रंभा शेवटी उभी होती. तिनं फडक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली.

रुक्मिणी पिवळ्या फडक्यातला डबा घेऊन बाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली. नियमाप्रमाणं डबा बाहेर राहिला आणि दरवान आत उपाशी.

दुसऱ्या दिवशीही तेच. "जे इचारत्यात त्यांचा." तिसऱ्या दिवशी रंभा कौतुकानं पुटपुटली, "ही टिकंल."

त्या दिवशी रांग पांगल्यावर कोंडाजी बाहेर येऊन रुक्मिणीजवळ कट्ट्यावर बसला.

"एकदा घेतलं तर काय बिघडंल?"

तिनं भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवली. "गावी रोज घेत हुते की. दिवस कलला की सडकेच्या कडेला जायचं आन् हाक मारायची. म्हशी वळून बघायच्या. आता समोर बसलायसा. हाक कुणाला मारू?"

कोंडाजीच्या हातात घास तसाच राहिला. चार वर्षं, रोज. आणि तो इथं चाळीस नावं ऐकत बसलेला.

"कसं म्हणायचीस?"

"जेवा."

तो जेवला. मग त्यानं वही उघडली, पेन्सिल ओली केली आणि लिहिलं:

पिवळं फडकं: विचारणाऱ्याचा.