पाहुण्याला रेट सांगत नाहीत

माणिकराव समोरच्याला आधी गाव विचारतात, नाव नंतर. गाव कळलं की नातं निघालंच म्हणून समजा.

"बावड्याचे व्हय? बावड्यात आमची मावशी दिलीय. मग तुमी आमचं पाहुणंच की!"

माणिकराव मूळचे कोऱ्हाळे बुद्रुकचे. लोणी देवकरला त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप आहे, माझ्या पॅकिंगच्या गाळ्याला लागून. बारामतीत उद्योजकांचा मेळावा असला की आम्ही दोघं माझ्या मोटरसायकलवरून जातो. ओळखी कशा वाढवाव्यात हे वक्ते पडद्यावर दाखवत असतात, तोवर यांनी मागच्या रांगेतले सगळे पाहुणे हुडकलेले असतात. एकदा मदुराईचा इंजिनिअर सापडला, त्यालाही सोडलं नाही. साडूचा चुलतभाऊ मिल्ट्रीत असताना तिकडं होता म्हणे. तेवढ्यावर तो बिचारा पाहुणा झाला.

एवढ्या ओळखी आणि काम शून्य. कारण एकदा नातं निघालं की माणिकराव धंद्याचा विषयच काढत नाहीत.

"पाहुण्याकडं काम मागायचं? उद्या लग्नात तोंड कसं दावायचं?"

कुणाच्या लग्नात, हे विचारायची सोय नाही.

यंदा मात्र प्रकरण गळ्याशी आलं. लेथ नुसतीच उभी होती आणि माणिकराव गाळा सोडायची भाषा करू लागले. मला काही ते बरं वाटेना. मेळाव्याला निघताना मी दमच भरला, "आज गाव विचारायचं नाही. कार्ड द्यायचं, काम सांगायचं, रेट सांगायचा. बास."

जेवणाच्या रांगेत एका कारखान्याची खरेदी बघणारी तरुण बाई भेटली. मशीनचे सुटे भाग करून देणारा माणूस ती शोधतच होती. माणिकरावांनी कार्ड दिलं, काम समजावून सांगितलं, गावाचं नाव काढलं नाही. ती म्हणाली, "सोमवारी रेट घेऊन या." मी मनातल्या मनात पेढे वाटले.

तेवढ्यात ती मोडक्यातोडक्या मराठीत सहज बोलून गेली, "इकडे आल्यापासून खोलीवर एकटीच जेवते. आज माणसांत जेवते आहे."

माणिकरावांनी माझ्याकडे बघितलं. मी डोळे वटारले.

"गाव कुठलं तुमचं?"

"जोरहाट. आसाम."

आता पंचाईत झाली. मावशी, साडू, मिल्ट्री, सगळं आठवून झालं.

"तिकडं आमचं कुणीच न्हाय," ते हळहळले. मग म्हणाले, "असू द्या. आजपासनं तुमी हाय की. रविवारी घरी जेवायला यायचं. आमची मंडळी भाकरी झकास करत्यात."

झालं! पाहुणी मिळाली, काम गेलं. परतताना मी गाडीवर त्यांना नाही नाही ते बोललो. मागून ते म्हणाले, "आमची धाकटी कॅनडात दिलीय. परवा फोनवर म्हणली, आप्पा, हितं मला कुणी गाव विचारतच न्हाय."

माझा राग तिथंच गळाला.

त्यांचे रेट मला तोंडपाठ आहेत. सोमवारी ते घेऊन मीच कारखान्यात गेलो. मी काही तिचा पाहुणा नव्हतो.